लेपाखाली काय राहते?

(द्वितीय वर्ष, कला)

भोसरीहून चाकणकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर दोन प्रकारची अक्षरे दिसतात. एक कारखान्यांच्या नावांची, मोठी आणि पत्र्यावर कोरलेली. दुसरी निळीने किंवा गेरूने घाईघाईत रंगवलेली: मूळव्याध, भगंदर, जुनाट जखम, कसलीही गाठ, ऑपरेशनशिवाय खात्रीचा इलाज. पहिल्या अक्षरांमुळे आपल्या आईवडिलांची पिढी गाव सोडून इथे आली. दुसरी अक्षरे त्या पिढीला वेळ आणि पैसा नसताना उपयोगी पडावीत म्हणून लिहिलेली असतात. प्रस्तुत लेख दुसऱ्या अक्षरांविषयी आहे, आणि त्यातही एकाच गोष्टीविषयी. त्वचेच्या कर्करोगावर घरच्या घरी झाडपाल्याचा लेप लावला, तर त्या लेपाखाली नेमके काय घडते?

कला शाखेच्या विद्यार्थिनीने हा विषय का घ्यावा, असे विज्ञानाच्या प्राध्यापकांना वाटणे साहजिक आहे. कारण साधे आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे चाळीतले सगळे कागद, मग ते बँकेचे असोत, रेशनचे असोत की दवाखान्याचे, वाचायला माझ्याकडे येतात. गेल्या दोन वर्षांत त्यांत तपासणीचे कागदही पुष्कळ आले. ते वाचण्यासाठी जे शिकावे लागले, तेच इथे मांडते आहे.

प्रथम रोगाविषयी थोडे. आपल्या कातडीच्या वरच्या थरातील पेशी सतत मरतात आणि खालून नव्या येतात. हा हिशेब बिघडला आणि पेशी बेसुमार वाढू लागल्या की त्वचेचा कर्करोग होतो. त्याचे मुख्य प्रकार तीन. एक थराच्या तळातील पेशींचा. तो सावकाश वाढतो, सहसा दूर पसरत नाही, पण नाक-डोळ्याजवळची जागा कुरतडत जातो. दुसरा वरच्या चपट्या पेशींचा. तो अवधाणांच्या गाठींत शिरू शकतो. तिसरा रंग तयार करणाऱ्या पेशींचा, सर्वांत घातक. गोऱ्या लोकांत उन्हामुळे हे रोग फार होतात. आपल्या कातडीतील काळा रंग आपले पुष्कळ रक्षण करतो. पण रक्षण म्हणजे अभय नव्हे. आपल्याकडे हा रोग पुष्कळदा अशा जागी येतो की त्याला कोणी कर्करोग म्हणत नाही.

उदाहरणार्थ, कंबर. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. भारतातील लोकांच्या चालीरीतींमुळे होणाऱ्या कर्करोगांचे त्यात वर्णन होते, आणि त्यातला एक होता धोतराचा कर्करोग. वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी धोतर घट्ट आवळल्याने तिथली कातडी काळवंडते, मग पांढुरकी पडते, तिला खवले धरतात, चीर पडते, आणि क्वचित काहींच्या बाबतीत त्या न भरणाऱ्या चिरेत कर्करोग सुरू होतो. पुढे मुंबईच्याच डॉक्टरांनी साडीमुळे होणाऱ्या अशाच रोगाची नोंद केली. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील आणि बिहारमधील मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दिली. एकीच्या कुशीवर दीड वर्ष न भरणारी जखम होती. ती परकराची नाडी घट्ट बांधत असे. दुसरी चाळीस वर्षे लुगडे नेसत होती, आत परकर नव्हता. तिची जखम दोन वर्षांची होती आणि रोग जांघेतल्या गाठीपर्यंत गेला होता. आपल्या वर्तमानपत्रांनी ही बातमी ‘पेटीकोट कॅन्सर’ अशा मथळ्याखाली छापली आणि आमच्या चाळीत आठवडाभर घबराट माजली. परकराने कर्करोग होतो असे नव्हे. वर्षानुवर्षे घासून चिघळत राहिलेली, न भरणारी जखम हे मूळ. भाजल्याच्या जुन्या व्रणात किंवा काश्मिरात पोटाशी धरलेल्या कांगडीच्या डागात जे होते, तेच हे.

दुसरे उदाहरण आपल्या दारातले. १७७५ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने धुराडी साफ करणाऱ्या पोरांच्या अंडकोशाच्या कातडीवर काजळीमुळे कर्करोग होतो, हे दाखवले. धंद्यामुळे होणाऱ्या कर्करोगाची ही पहिली ठळक नोंद. पुढे लँकेशायरच्या कापडगिरण्यांत सूतकताई यंत्रांवरील कामगारांना तसाच रोग झाला. यंत्राच्या चात्यांवरचे खनिज तेल त्यांच्या पँटमधून झिरपत असे. कमी शुद्ध केलेल्या खनिज तेलांना आज निःसंशय कर्करोगकारक मानले जाते. आता भोसरीच्या एखाद्या लहान वर्कशॉपात जाऊन पाहा. लेथवर काम करणाऱ्याच्या मांड्यांवर तेलाचे डाग असतात, तेलाचे फडके खिशात असते आणि मनगटावर पुटकुळ्या असतात. आजची तेले पुष्कळ शुद्ध झाली आहेत, आणि त्या पुटकुळ्या बहुतेक वेळा पुटकुळ्याच असतात. पण त्यांतली एखादी तशी नसेल, तर ते कळायला वर्षे लागतात आणि मधल्या काळात तिच्यावर काहीतरी चोपडले जाते.

काय चोपडले जाते? माझ्या माहितीत दोन तऱ्हा आहेत. एक सौम्य: हळद-तेल, कात, कडुनिंबाचा पाला, कोरफड, तूप. दुसरी जाळणारी: बिब्बा, निवडुंगाचा किंवा रुईचा चीक, चुना आणि सोडा, आणि वैदूच्या पुडीतली काळी भुकटी, जिच्यात काय असते ते तो सांगत नाही.

सौम्य लेपांविषयी थोडक्यात सांगता येईल. ते रोग वाढवत नाहीत, फक्त वेळ खातात. हळदीबाबत आपण अभिमानाने सांगतो की अमेरिकेने तिचे पेटंट घेतले होते आणि डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या पुढाकाराने ते १९९७ मध्ये रद्द झाले. ते खरेच आहे. पण तो दावा जखम भरून येण्याचा होता. हळद जखमेला चांगली, म्हणून जखमेसारख्या दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीला चांगली, हे त्यातून निघत नाही.

जाळणारे लेप हा खरा प्रश्न आहे, कारण ते काम करताना दिसतात. चामखिळीला चुना आणि सोडा लावण्याची चाल घरोघर आहे. चुना आणि धुण्याचा सोडा पाण्यात एकत्र आले की त्यांतून कॉस्टिक सोडा तयार होतो, म्हणजे कारखान्यात रबरी हातमोजे घालून हाताळतात तेच द्रव्य. बिब्ब्याच्या तेलात कातडीवर फोड आणणारे द्रव्य असते. परीट त्याच तेलाने कपड्यांवर न निघणारी खूण करीत. बिब्बा उतला म्हणजे काय होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला अधिक सांगायला नको. असा लेप लावला की कातडी मरते, काळी कडक खपली धरते आणि आठ-पंधरा दिवसांत ती गळून पडते. खालच्या बाजूला तंतू लोंबताना दिसतात. लोक म्हणतात, मुळासकट निघाले! ते मूळ नसते. ते मेलेल्या कातडीचे आणि वाळलेल्या स्रावाचे धागे असतात. चांगल्या कातडीवर तोच लेप लावला तरी तशीच खपली आणि तसेच धागे निघतील, कारण क्षाराला चांगली पेशी आणि वाईट पेशी यांतला फरक कळत नाही. तो जिथवर पोहोचतो तिथवर सगळे जाळतो. आणि कर्करोग त्याच्या पलीकडे गेलेला असेल, तर वर नवी गुळगुळीत कातडी येते आणि तिच्याखाली तो वाढत राहतो.

माझ्या आजीच्या बाबतीत हेच झाले. ती चाकणच्या बाजारात कांदा निवडायला जायची. नऊवारी लुगडे, दिवसभर वाकून काम, म्हणून कमरेची गाठ करकचून मारलेली आणि तिच्यातच चंची खोचलेली. उजव्या कुशीवर चट्टा होता, तो कधीपासून हे तिलाही सांगता येत नव्हते. चट्ट्याची जखम झाली. ती मामीलाही दाखवीना, मग पुरुष डॉक्टरला कुठली दाखवणार? ओळखीतल्या एकाने पुडी आणून दिली. तीन वेळा लेप झाला. रात्री ती उशी दातांत धरून पडायची. तिसऱ्या वेळी मोठी खपली पडली, खाली लालसर, स्वच्छ कातडी दिसली आणि घरात शिरा झाला. पुडी देणाऱ्याला लुगडे-चोळी आणि पाचशे एक रुपये दिले. सहा-सात महिन्यांनी त्याच नव्या कातडीच्या कडेला बोराएवढी गाठ वर आली, आणि जांघेत अवधाण आले. ते दुखत नव्हते, म्हणून त्याचीही काळजी कोणी केली नाही. शेवटी एका मोठ्या रुग्णालयात तुकडा काढून तपासला. चपट्या पेशींचा कर्करोग निघाला, आणि अवधाणातही तोच. कुशीवरचा भाग कापून मांडीची कातडी तिथे लावली, जांघेतल्या गाठी काढल्या. आजी आहे. तिचा उजवा पाय सायंकाळपर्यंत सुजून खांबासारखा होतो, कारण त्या गाठींतून वाहणारा पायातला रस आता अडतो. बाजार सुटला. डॉक्टरांनी आईला सांगितले की हीच जखम लहान असताना, अवधाण येण्यापूर्वी कापली असती तर अर्ध्या तासाचे काम होते.

पुडीवाला लबाड होता, असे मला वाटत नाही. त्याने आपल्या डोळ्यांनी खपल्या पडताना पाहिल्या होत्या. त्याच्याकडे नव्हते ते सूक्ष्मदर्शक यंत्र. या बाबतीत अमेरिकेतली एक हकीकत बोलकी आहे. १९३० च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक मोह्स हा तरुण डॉक्टर झिंक क्लोराइड आणि सँग्विनेरिया नावाच्या वनस्पतीच्या मुळाची भुकटी असलेला लेप त्वचेच्या कर्करोगावर लावीत असे. म्हणजे आजही त्या देशात ‘काळा मलम’ म्हणून चोरूनमारून विकला जातो, जवळजवळ तोच. मग मोह्सचे नाव आज शस्त्रक्रियेच्या पुस्तकांत का आहे? कारण त्याने लेपाकडून रोग बरा करण्याची अपेक्षाच केली नाही. लेपाने कातडीचा थर घट्ट होई, तो थर तो कापून काढी आणि त्याची संपूर्ण खालची बाजू यंत्राखाली तपाशी. जिथे कर्करोगाच्या पेशी उरलेल्या दिसत, तेवढ्याच जागी पुन्हा थर काढी. काहीच उरले नाही असे दिसेपर्यंत हे चाले. पुढे लेपाचीही गरज उरली नाही आणि ताज्या कातडीवरच तपासणी होऊ लागली. काळा मलम विकणाऱ्यांनी त्यातला लेप तेवढा घेतला आणि तपासणी सोडून दिली.

आपल्या परंपरेतही ही जाण आहे. सुश्रुताने क्षार कसा करावा हे सविस्तर सांगितले आहे, म्हणून लेपाचे समर्थक त्याचे नाव घेतात. पण अर्बुदाच्या चिकित्सेत तोच सुश्रुत बजावतो की अर्बुदाचा अंश मागे राहिला तर ते पुन्हा उद्भवते आणि उरलेल्या विस्तवाप्रमाणे घात करते. म्हणून ते निःशेष काढावे. निःशेष झाले की नाही हे पाहायचे साधन त्याच्या काळी नव्हते. आज ते आहे, आणि पिंपरीतच आहे.

‘झाडपाल्याचे आहे, गुण आला नाही तरी अपाय नाही’ हे वाक्य मी शंभरदा ऐकले असेल. जमालगोटा झाडाचाच आहे. १९४१ साली बेरेनब्लुम या शास्त्रज्ञाने उंदरांच्या कातडीला कर्करोगकारक द्रव्य अगदी थोडे लावले आणि नंतर जमालगोट्याचे तेल पुन्हा पुन्हा चोळले. त्या थोड्या द्रव्याने एरवी न होणाऱ्या गाठी उठल्या. जमालगोटा ज्या कुळातला, त्याच कुळात आपला चीक गाळणारा काटेरी निवडुंगही येतो. त्याचा एक भाऊबंद ऑस्ट्रेलियात तणासारखा उगवतो आणि तिथले लोक त्याचा चीक उन्हाच्या चट्ट्यांवर लावीत. शास्त्रज्ञांनी त्यातले द्रव्य वेगळे केले, मोजून मलम केला, रुग्णांवर चाचण्या घेतल्या, आणि २०१२ मध्ये अमेरिकेत व युरोपात त्याला परवानगी मिळाली. इथवर ऐकून लेपवाल्यांना आनंद होईल. पण पुढे तीन वर्षे रुग्णांवर लक्ष ठेवले, तेव्हा तो मलम लावलेल्या जागी दुसऱ्या औषधाच्या तुलनेने त्वचेचे कर्करोगच अधिक दिसले, आणि २०२० मध्ये युरोपातून तो मागे घेतला गेला. मोजलेल्या, शुद्ध केलेल्या, डॉक्टरच्या देखरेखीखालच्या चिकाची ही गत. कुंपणावरच्या चिकाचा हिशेब कोणी ठेवलेलाच नाही.

याचा अर्थ वनस्पतींत औषध नाही असा कोणी घेऊ नये. दारातल्या सदाफुलीतून रक्ताच्या कर्करोगावर मोलाची औषधे निघाली. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलिन तयार होऊ लागले, ते बुरशीपासून. तिथल्याच डॉ. थिरुमलाचार यांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध शोधले; ते ज्या सूक्ष्म जीवापासून मिळते त्याच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव आहे. मातीतून औषध काढणारे गाव आपले आहे! पण सदाफुलीची पाने चघळून रक्ताचा कर्करोग जात नाही, आणि बुरशी आलेली भाकरी खाऊन न्यूमोनिया जात नाही. मधले काम करावे लागते.

पायाविषयी एक गोष्ट राहिली. तिसऱ्या, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगाला आपल्याकडे तळपाय, तळहात आणि नखाखालची जागा विशेष आवडते. तळपायावर काळसर काही आले की आपण त्याला कुरूप म्हणतो आणि त्यावर बिब्बा लावतो. बहुतेकदा ते कुरूपच असते. जमैकाचा प्रसिद्ध गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ मध्ये जे सापडले, ते मात्र हा कर्करोग होते. १९८१ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तो त्याच रोगाने वारला.

कायद्याविषयीही दोन शब्द. कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. लेखाच्या आरंभी सांगितलेल्या भिंतींवर म्हणूनच ‘कर्करोग’ हा शब्द सहसा नसतो. ‘कसलीही गाठ’ असे लिहिलेले असते, आणि वाचणाऱ्याला काय वाचायचे ते कळते. या भिंती महापालिकेने पुसाव्यात हे ठीक. पण पुसलेल्या भिंतीपेक्षा बाई डॉक्टर बसलेला दवाखाना जवळ असणे आजीच्या उपयोगी पडले असते, असे माझे मत आहे.

आता ज्यांच्या घरात अशी जखम आहे त्यांच्यासाठी. तीन-चार आठवड्यांत न भरणारी जखम, भरून पुन्हा फुटणारी जखम, जुन्या भाजल्याच्या किंवा कमरेच्या व्रणात आलेली जाड कड, सहज रक्त येणारी गाठ, रंग किंवा आकार बदलणारा तीळ, यांपैकी काहीही असले तर तुकडा तपासून घ्यावा. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि पुण्याचे ससून इथे हे होते. घरातील कोणी कामगार विमा योजनेत असेल, तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही त्या योजनेतून उपचार मिळतात, आणि चिंचवडला मोहननगरात तिचे रुग्णालय आहे. हे कारखान्यातल्या पुष्कळ मुलांना माहीत नसते. तुकडा काढताना जागा बधिर करतात, डाळीएवढा भाग घेतात, एखादा टाका घालतात आणि माणूस चालत घरी येतो. तुकडा काढल्याने रोग भडकतो ही समजूत निराधार आहे. मी ती डॉक्टरांना स्पष्टच विचारली होती. जखमेचे निदान लागेपर्यंत कमरेची गाठ सैल करावी, बांधण्याची जागा वरखाली करावी, आणि जमल्यास नाडीऐवजी रुंद पट्टी वापरावी.

आणि लेप आधीच लावून झाला असेल तर तो लपवू नये. जळलेली कातडी यंत्राखाली फसवी दिसते. लेप कधी आणि किती वेळा लावला हे डॉक्टरांना ठाऊक असले, तर तुकडा कोठून आणि किती खोलवरून घ्यायचा हे त्यांना ठरवता येते. रागावतील म्हणून बायका हे सांगत नाहीत. पुडीत काही उरले असेल तर ती पुडी कागदात बांधून सोबत न्यावी.